नायलॉनचे बुश ओल्या भागात जाम, गरम भागात ढिले. मटेरियल बदलू की डिझाइन?

बेदाणा_मशीन

नमस्कार मंडळी. आमचं सांगली भागात छोटं वर्कशॉप आहे. बेदाणा धुऊन, वाळवून, प्रतवारी करायच्या लाइन बनवतो. आजवर कन्व्हेअरच्या रोलरला गनमेटलचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) आणि ग्रीस, असा सरळ मामला होता. आता गिऱ्हाईक म्हणतं, मालाच्या वर ग्रीस नको. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून बाहेरून कास्ट नायलॉनचे बुश करून घेतले. ड्रॉइंग तेच: बाहेरून ३०, आतून २०, लांबी ४०, शाफ्टला क्लिअरन्स (मोकळी जागा) ०.०४ मिमी. शाफ्ट एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील), फिरतो साधारण ६० आरपीएमने. एका बुशवर १५ किलोच्या आसपास वजन येतं.

ट्रायलला मशीन लोण्यासारखं चाललं. सीझन सुरू होऊन काही आठवडे गेले आणि धुण्याच्या भागातले बुश शाफ्टला घट्ट पकडून बसले, दोन ठिकाणी चेन तुटली. गरम हवेच्या भागात नेमकं उलटं: बुश हाउसिंगमध्येच (बुश बसवतो त्या घरातच) गोल फिरतायत, आणि सुरुवातीच्या कोरड्या भागात शाफ्टला चक्क नखाला लागेल अशी खाच पडली आहे. बुशला मात्र फार काही झालेलं नाही!

एकजण म्हणतो डेलरिन घाल, दुसरा म्हणतो टेफ्लॉन, तिसरा म्हणतो गप बॉल बेअरिंग लाव. काय करू?

चहाटळ

चौथा म्हणेल पुन्हा गनमेटल लाव आणि गिऱ्हाईक बदल.

लेथवरचा_काका

भाऊ, नायलॉन पाणी पितं हे करून देणाऱ्याने सांगितलं नाही का? आमच्याकडे पूर्वी नायलॉनचा बुश पाण्यात जाणार असेल तर आधी तासून थोडं मटेरियल ठेवायचो, उकळत्या पाण्यात बराच वेळ टाकायचो, मग फायनल बोअर. तरी क्लिअरन्स गनमेटलच्या दुप्पट-तिप्पट ठेवायचाच. ०.०४ म्हणजे तू त्याला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाहीस.

दुसरं, माप कधी घेतलं? लेथवरून उतरवला की बुश गरम असतो. नायलॉनचा बुश दुसऱ्या दिवशी सकाळी मोजायचा, आणि व्हर्निअर दाबून नाही. जबडा रुततो, माप खोटं येतं.

अनुजा_पुणे

काका बरोबर सांगतायत, पण मला वाटतं गोष्ट जाडीची आहे. मटेरियलचं नाव नंतर बघू, आधी हिशोब.

भाराच्या बाजूने बघितलं तर तुमच्या बुशला काहीच त्रास नाही. १५ किलो म्हणजे १५० न्यूटन, भागिले २० गुणिले ४०, म्हणजे दाब ०.१९ मेगापास्कल. वेग ३.१४ × २० × ६० ÷ ६०,००० म्हणजे ०.०६३ मीटर प्रति सेकंद. गुणाकार ०.०१२. तेल-ग्रीस नसताना साधं नायलॉन किंवा ॲसिटल (डेलरिन म्हणतात तेच) यांची पीव्ही, म्हणजे दाब गुणिले वेग, याची मर्यादा ०.१ च्या आसपास धरतात, कॅटलॉगप्रमाणे थोडं इकडेतिकडे. तुम्ही मर्यादेच्या कितीतरी खाली आहात. म्हणजे बुश झिजून किंवा वितळून गेला नाही, त्याचं माप बदललं.

आता माप किती बदलतं ते बघा. पीए ६, म्हणजे तुमचं नायलॉन, पाण्यात पूर्ण मुरलं तर वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी घेतं. लांबीत दोन-अडीच टक्के फुगतं. दोनच धरू. तुमचा बुश बाहेरून लोखंडात अडकलेला आहे, तिकडे फुगायला जागा नाही, मग सगळी वाढ आत, शाफ्टच्या दिशेने. बाहेरचा व्यास ३० कायम ठेवून कापाचं क्षेत्रफळ ४ टक्के वाढवलं की आतला व्यास येतो १९.४९. म्हणजे अर्धा मिलिमीटर आत! तुमचा क्लिअरन्स ०.०४.

तोच बुश ५ मिमी जाडीऐवजी दीड मिमी जाडीचा केला, म्हणजे बाहेरून २३ आतून २०, तर हाच हिशोब १९.८७ वर येतो. मटेरियल तेच, पाणी तेवढंच, फक्त जाडी कमी. फुगायला मटेरियलच कमी असतं.

आणि ट्रायलला चाललं, नंतर अडकलं, त्याचंही कारण हेच. ५ मिमी जाडीत पाणी मुरायला आठवडे लागतात. एका दिवसाच्या ट्रायलमध्ये हे दिसणारच नाही.

बेदाणा_मशीन

ताई, अर्धा मिमी वाचून डोकं गरगरलं. मग गरम भागात ढिले का झाले? तिथे तर पाणी नाही.

अनुजा_पुणे

तिथे उष्णता. प्लास्टिक स्टीलच्या आठ-नऊ पट पसरतं. गरम झाल्यावर बुशला हाउसिंगमध्ये पसरायला जागा मिळत नाही, तो स्वतःतच दबतो. नायलॉन सतत दाबाखाली राहिलं की हळूहळू त्या आकाराला सरावतं. रात्री मशीन बंद, थंड झालं, बुश आकसला, पण मूळ मापावर परत आला नाही. वर त्यातलं हवेतून घेतलेलं पाणीही गरम हवेने उडून गेलं, म्हणजे आणखी आकसला. असं रोज. शेवटी प्रेस फिट (दाबून बसवल्याची पकड) संपला आणि बुश शाफ्टबरोबर फिरायला लागला. म्हणून प्लास्टिकच्या बुशला नुसत्या प्रेस फिटवर सोडू नये. एका बाजूला कॉलर द्या, कॉलरला एक सपाट कड तासा आणि ती फ्रेमच्या पट्टीला टेकवा. फिरणार नाही, आडवा सरकणारही नाही.

ग्रब स्क्रूने पकडू नका, हे आधीच सांगते. बाहेरून दाबलं की आत फुगवटा येतो आणि शाफ्ट तिथेच घासतो.

लेथवरचा_काका

ग्रब स्क्रूचं अगदी खरं. आणि अजून एक. प्रेस केल्यावर बुश आतून जवळजवळ तेवढाच लहान होतो जेवढा तो बाहेरून जास्त होता. पातळ बुशमध्ये तर नक्कीच. म्हणजे हाउसिंगपेक्षा ०.०८ जास्त ठेवलास तर आतून ०.०८ च्या जवळपास गेलं म्हणून समज. हे धरून बोअर कर, नाहीतर बसवल्यावर रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) मार. धारदार रीमर हां, बोथट रीमर प्लास्टिक कापत नाही, ढकलतो.

क्वालिटीवाली

मी फळप्रक्रियेच्या प्लांटमध्ये काम करते, तिकडून एक सावधगिरीचा मुद्दा. ॲसिटल पाणी फार पीत नाही, पूर्ण मुरूनही एक टक्क्याच्या आतच, त्यामुळे ओल्या भागाला ते बरं वाटतं. पण लाइन धुवायला हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) वापरता का? ॲसिटलला क्लोरीन मानवत नाही. पृष्ठभाग पांढुरका, भुसभुशीत होतो, बारीक तडे जातात. अमेरिकेत घरच्या नळजोडण्यांमध्ये ॲसिटलचे फिटिंग क्लोरीनच्या पाण्याने फुटल्यावर मोठे खटले झाले होते. तिथे पाण्यात थोडंच क्लोरीन होतं, तुम्ही तर रोज स्वच्छतेला दाट द्रावण ओतणार. एक तर क्लोरीन कमी करा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा, किंवा त्या जागी यूएचएमडब्ल्यू पॉलिइथिलीन (फार मोठ्या रेणूंचं, चिवट पॉलिइथिलीन) घ्या. ते पाणी पीत नाही, आम्ल-अल्कलीलाही फारसं दाद देत नाही.

बेदाण्याला गंधकाची धुरी देता ना? त्याचा ओला अंश आम्लधर्मी असतो. नायलॉनला आम्ल आवडत नाही, तेही लक्षात असू द्या.

आणि रंग निळा घ्या. पांढरा किंवा मातकट तुकडा बेदाण्यात पडला तर निवडणाऱ्या बायकांच्या नजरेतून सुटेल, निळा सुटत नाही. प्लांटमध्ये निळ्याचा आग्रह उगाच नसतो.

बेदाणा_मशीन

हायपो आठवड्यातून दोनदा मारतात, आणि धुतात कसं ते आपण बघायला नसतो. म्हणजे धुण्याच्या टाकीत यूएचएमडब्ल्यू, बाकी ॲसिटल, असं करू का? आणि टेफ्लॉनचं काय? सगळ्यात गुळगुळीत तेच ना?

अनुजा_पुणे

गुळगुळीत आहे, पण मऊ आहे. शुद्ध टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू बाहेर सरकतं, झिजतंही फार. बुश करायचाच तर काच किंवा कार्बन भरलेलं टेफ्लॉन घेतात, आणि तुमच्या ३०४ च्या मऊ शाफ्टवर काच भरलेलं काही चालवू नका. काच नायलॉनमध्ये असो की टेफ्लॉनमध्ये, शाफ्ट खाते.

डॉ_सांधे

इंजिनियर नाही, हाडांचा डॉक्टर आहे. टेफ्लॉन वाचून राहवलं नाही.

माणसाच्या खुब्यात बसवतात तो कृत्रिम सांधा म्हणजे साधं बेअरिंगच. इंग्लंडमध्ये रायटिंग्टन हॉस्पिटलात जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी वाटी टेफ्लॉनची आणि गोळा स्टीलचा असा सांधा बसवायला सुरुवात केली. घर्षण कमी, सगळे खूश. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या आणि त्या भुकटीने आसपासच्या उतींना दाह झाला. १९६२ मध्ये त्यांनी वाटी बदलून यूएचएमडब्ल्यू पॉलिइथिलीनची केली. घर्षण टेफ्लॉनपेक्षा जास्त, झीज कितीतरी कमी. आज त्याची सुधारित आवृत्ती जगभर बसवतात.

आणखी एक गंमत. चार्नलींनी गोळा मुद्दाम लहान, २२ मिमीच्या जवळपासचा ठेवला. गोळा लहान म्हणजे घासण्याचा वेग आणि अडथळा कमी, आणि वाटी जाड ठेवता येते. तुम्ही वर म्हणताय बुश पातळ करा, तिथे जाड केला. शरीराचं तापमान स्थिर असतं आणि पॉलिइथिलीन पाणी पीत नाही, म्हणून असेल.

अनुजा_पुणे

डॉक्टर, अगदी तेच. तिथे फुगण्याचं भय नाही, झिजायला मटेरियल हवं म्हणून जाड. इथे फुगण्याचं भय आहे म्हणून पातळ. मात्र यूएचएमडब्ल्यू गरम भागात नको, ८० अंशांच्या पुढे त्याच्यात दम राहत नाही, आणि पसरतं तर नायलॉनपेक्षाही जास्त. थंड पाण्याच्या टाकीला उत्तम.

जालनेकर

आमच्याकडे री-रोलिंग मिलमध्ये लाल गरम लोखंड दाबणाऱ्या रोलला फायबर बेअरिंग असतात. कापडाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये दाबून केलेले. वंगण काय, तर पाणी. धो धो पाणी सोडतात, तेच थंड करतं, तेच घर्षण कमी करतं. पाणी बंद झालं की बेअरिंग काही मिनिटांत जळतं आणि वास आख्ख्या शेडमध्ये. सांगायचा मुद्दा, पाण्याला शत्रू समजू नका. टाकीतल्या बुशला पाणी आतपर्यंत पोचू द्या.

अनुजा_पुणे

यातूनच चरांचा मुद्दा येतो. बुशच्या आतून लांबीच्या दिशेने दोन-तीन आरपार चर काढा. पाणी आत जाईल आणि रेती, काड्या, साखरेचा चिकटा बाहेर येईल. फक्त जिथे भार येतो तिथे चर नको. रोलरचं वजन शाफ्टवरून खाली येतं, म्हणजे बुशचा खालचा भाग गुळगुळीत ठेवा, चर बाजूला आणि वर.

शाफ्टवरच्या खाचेचं कोडंही इथेच सुटतं. शेडमधून आलेल्या बेदाण्यात माती असते. मातीचा कण मऊ प्लास्टिकमध्ये रुतून बसतो, आणि मग तो कानशीसारखा शाफ्ट घासतो. बुश शाबूत, शाफ्ट गेला. ३०४ मुळातच मऊ. सुरुवातीच्या कोरड्या भागात शाफ्टवर कडक केलेल्या स्टेनलेसची स्लीव्ह चढवा, ४२० वगैरे, आणि बुशच्या तोंडाशी फेल्ट किंवा रबराचा वायपर द्या. शाफ्टची फिनिश आरए (खडबडीतपणाचं माप, मायक्रॉनमध्ये) ०.४ च्या आसपास पुरे. आरशासारखा पॉलिश केलात तर कमी वेगात उलट चिकटून-सुटून चालतो आणि किंचाळतो.

चहाटळ

किंचाळणारं मशीन म्हणजे रात्रपाळीचा अलार्म फुकट.

म्युनिकहून

इथे पॅकेजिंग मशीनवर काम करतो. आमच्याकडे एक प्रकार सर्रास वापरतात, तुम्हाला लेथवरही जमेल. पातळ बुशला लांबीच्या दिशेने एक तिरका काप द्यायचा, आरपार. फुगला की बुश त्या फटीत गोलाईने वाढतो, आतला व्यास जवळजवळ तसाच राहतो. फट सरळ ठेवली तर शाफ्ट त्या कडेवर टकटक करतो, म्हणून तिरकी. असा बुश प्रेस फिट धरत नाही, त्याला कॉलर हवीच. पत्र्याच्या फ्रेमला दोन्ही बाजूंना कॉलर असलेला, काप दाबून भोकात सरकवायचा आणि सोडायचा असा प्रकारही मिळतो. बदलायला हातोडासुद्धा लागत नाही.

लेथवरचा_काका

हे आवडलं. फट कुठे ठेवायची, वर की खाली?

म्युनिकहून

वर. जिथे भार नाही तिथे. अनुजाताईंच्या चरांसारखंच.

अनुजा_पुणे

लांबीबद्दल बोलायचं राहिलं. २० च्या शाफ्टला ४० लांब बुश कशाला? पत्र्याची वेल्ड केलेली फ्रेम कधीच एका रेषेत नसते. लांब बुशच्या दोन टोकांनाच शाफ्ट टेकतो, मधला भाग हवेत, आणि टोकं गरम होतात. २० ते २५ लांबी ठेवा. दाब ०.३८ पर्यंत जाईल, पीव्ही ०.०२४, तरी मर्यादेच्या एक चतुर्थांश. फ्रेम फारच वाकडी असेल तर आत गोलाकार बसणारा प्लास्टिकचा ब्लॉक वापरा, तो स्वतःच वळून शाफ्टच्या रेषेत येतो.

क्लिअरन्स: ॲसिटलला २० वर बसवल्यानंतर ०.१ ते ०.१२ धरा. गनमेटलवाल्याला हे ढिलं वाटेल. वाटू द्या.

बेदाणा_मशीन

हाउसिंगचा बोअर ३० आहे आणि अशी सगळी हाउसिंग तयार पडली आहेत. पातळ बुश कसा बसवू?

लेथवरचा_काका

हाउसिंग फेकू नकोस. बाहेरून ३०, आतून २३ अशी स्टेनलेसची रिंग प्रेस कर, तिच्यात तुझा पातळ बुश. रिंग कायमची, बुश तेवढा बदलत राहायचा. उलट बरंच झालं, पुढच्या वेळी मटेरियल बदललं तरी हाउसिंगला हात लावावा लागणार नाही.

अजून एक जुनी युक्ती. तुझ्याकडे शाफ्ट फिरतो, बुश जागेवर, म्हणजे बुश खालच्या एकाच बाजूला झिजणार. कॉलरला दोन समोरासमोर सपाट कडा ठेव. एक सीझन झाला की बुश अर्धा फिरवून बसव. तोच बुश दुसरा सीझन काढेल. मात्र फटीवाला बुश असेल तर हे चालणार नाही, फट खाली येईल.

क्वालिटीवाली

आणि चर वरच्या बाजूला काढले असतील तरी हीच अडचण. चर दोनच ठेवा, डावी-उजवीकडे. मग फिरवला तरी ते बाजूलाच राहतात.

बेदाणा_मशीन

वा! हे सुचलं नसतं. गरम हवेच्या ब्लोअरच्या शाफ्टलाही असाच बुश लावू का? २५ चा शाफ्ट, १४४० आरपीएम.

अनुजा_पुणे

नको. वेगच १.९ मीटर प्रति सेकंद येतो. दाब नुसता ०.२ धरला तरी पीव्ही ०.३८, साध्या ॲसिटलच्या कितीतरी पुढे. प्लास्टिक उष्णता बाहेर जाऊ देत नाही, सगळी शाफ्टमधूनच निघायची, आणि ब्लोअरचा शाफ्ट आधीच तापलेला. तिथे सील केलेलं बॉल बेअरिंग, गरम हवेच्या बाहेर काढून. तो मालाच्या वर नाही ना? मग ग्रीसचाही प्रश्न नाही.

बेदाणा_मशीन

नाही, बाजूला आहे. ठीक, तिथे बॉल बेअरिंगच.

मग असं ठरवतो: टाकीत यूएचएमडब्ल्यू, दोन चर, कॉलर. गरम भागात ॲसिटल, दीड मिमी जाडी, तिरकी फट. कोरड्या भागात ॲसिटल, शाफ्टवर स्लीव्ह आणि वायपर, आणि बुश अर्धा फिरवायची सोय. सगळे निळे. आता भीती एकच: दुकानात पांढरा-निळा कुठलाही रॉड दाखवून ‘डेलरिनच आहे साहेब’ म्हणतात. ओळखायचं कसं? जाळून बघतात म्हणे.

लेथवरचा_काका

जाळू नकोस. ॲसिटलचा धूर डोळ्यात-नाकात जातो, फॉर्मल्डिहाइड असतं. टेफ्लॉन तर आगीजवळ नेऊच नये.

रॉडचा छोटा तुकडा काप. साध्या पाण्यात तरंगला तर पॉलिइथिलीन. बुडाला तर पाण्यात मीठ घालत जा, विरघळेनासं होईपर्यंत. नायलॉन त्या मिठाच्या पाण्यात वर येतं, ॲसिटल तळालाच राहतं. नायलॉनची घनता १.१५, ॲसिटलची १.४१, मिठाचं पाणी १.२ पर्यंत जातं. तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटू देऊ नकोस, बोटाने पुसून टाक. तेल भरलेलं किंवा काच भरलेलं असेल तर मात्र हा खेळ फसतो.

चहाटळ

काका, दुकानदार मीठ घेऊन आत येऊ देईल का?

लेथवरचा_काका

ऑर्डर मोठी असेल तर बादली पण तोच देतो.

बेदाणा_मशीन

उद्याच जातो रॉड बघायला. ड्रॉइंग झालं की इथे टाकतो, माप एकदा डोळ्याखालून घाला. स्लीव्हला ४२० चा पाइप सहज मिळत नाही असं ऐकलं, कुणाला माहीत असेल तर सांगा, नाहीतर भरीव बारमधूनच काढावा लागेल.